मी यमुनाबाईंच्या बाजूची

येरवडा, पुणे
मंगळवार

प्रिय अझीम,

तुझा व्हिडिओ पाहिला. कुणीतरी तुझ्या अब्बांना पाठवला, अब्बांनी चष्मा शोधला आणि मग आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. बाणेरच्या हॉटेलातला तो गार हॉल, तुझा काळा टी-शर्ट, गालाला चिकटलेला माइक. छान दिसत होतास. वजन वाढलंय. भाषणाबद्दल अब्बा एवढंच म्हणाले, "इंग्रजी सुधारलंय," आणि उठून गेले. जन्मभर दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेला माणूस. कशाजवळ फार वेळ थांबू नये हे त्यांना कळतं. मी मात्र बसून राहिले.

फोन करणार होते. पण तू कायम मीटिंगमध्ये असतोस. व्हॉइस मेसेज तू दुप्पट वेगाने ऐकतोस, त्यात माझा आवाज चिमणीसारखा होतो आणि चिमणीला कुणी घाबरत नाही. म्हणून कागद. कुरिअरवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, "पुण्यातल्या पुण्यात पत्र कशाला पाठवता मावशी?" मी म्हटलं, हिंजवडी पुण्यात आहे असा तिथल्या लोकांचा समज आहे. घरात आपण दख्खनी बोलत असलो तरी हे मराठीत लिहितेय. माझी शाळा मराठी, तुझीही मराठी, आणि नीट भांडायचं असलं की मला हीच भाषा पुरते.

तर, वेबसाइट लिहिण्याच्या तीन पद्धती. तू म्हणालास, प्रोसिजरल म्हणजे बाळपण, ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे समज येणं, आणि फंक्शनल म्हणजे ज्यांना जगाशी काही देणंघेणं नसतं त्यांची समाधी. लोक हसले. मग बाळपणाचा नमुना म्हणून तू पडद्यावर माझी फाइल लावलीस, मी ज्याची वेबसाइट सांभाळते त्या डायलिसिस केंद्राची. नाव झाकलंस, हे तुझं सौजन्य. पण कोडच्या मधे मी लिहिलेली टीप झाकायला विसरलास: 'इथे घाई करू नये.' त्यावर तर हॉल खदखदून हसला. अझीम, ती टीप तिथे का होती हे तुला ठाऊक आहे. मशीन खरंच रिकामं आहे हे तपासल्याशिवाय रुग्णाला 'या' असा मेसेज जाऊ नये, म्हणून. डायलिसिसला येणारा माणूस नाटकाला येत नसतो. हे वाक्य तुला त्या हॉलमध्ये सांगता आलं असतं. पण मग हशा मिळाला नसता.

प्रोसिजरल म्हणजे स्वयंपाकाची कृती, आधी हे मग ते, असंही तू समजावलंस. स्वयंपाकावर बोलणाऱ्याने निदान एकदा चहा केलेला असावा. माझी फाइल काय करत होती ते मीच सांगते. केंद्रात फोन येतो, टेबलावरची मुलगी नाव भरते. नाव यादीत आहे का बघ. कोणतं मशीन कोणत्या शिफ्टला रिकामं आहे बघ. दे. नोंद कर. मेसेज पाठव. वरून खाली, माणूस वाचतो तसं. कुरूप होती, कबूल. मशीनची संख्या मी दहा ठिकाणी लिहून ठेवली होती. केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टने नवं मशीन घेतलं तेव्हा मी ती सगळीकडे बदलली आणि एक जागा राहिली, मग संध्याकाळच्या शिफ्टला ते मशीन आठवडाभर नव्या नवरीसारखं नुसतं बसून होतं. हे मी सगळ्यांना हसत हसत सांगत आले आहे. त्यासाठी बाणेरला तिकीट लावायची गरज नव्हती.

मग तू आलास. नव्या कंपनीतलं नवं ज्ञान घेऊन, शनिवार-रविवारी, आईच्या उद्धारासाठी. तू म्हणालास, ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे प्रत्येक वस्तूचा एक क्लास करायचा. रुग्णाचा क्लास, मशीनचा क्लास, शिफ्टचा क्लास. प्रत्येकाने आपली माहिती आपल्यापाशी ठेवायची आणि विचारलं तेवढंच सांगायचं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. मशीन किती तास चाललं, निर्जंतुक कधी केलं, हे त्या मशीनलाच ठाऊक असावं, ही गोष्ट शहाणपणाची होती. पण तू तिथे थांबशील तर अझीम कसला? नोंदणीचा क्लास, नोंदणी करणाऱ्याचा क्लास, नोंदणी करणाऱ्याला जन्म देणाऱ्याचा क्लास. सदाशिव पेठेत मी इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवायला जात होते. अख्ख्या पेठेत मिळून नसतील इतके क्लास तू एका डायलिसिस केंद्रात काढलेस. एक मेसेज कुठून जातो ते शोधायला मला एका फाइलमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं सरकारी कचेरीसारखं हिंडावं लागायचं. आणि प्रत्येक खिडकीवर उत्तर एकच, हे आमच्याकडे नाही, पुढे विचारा.

आणि मग तुझं ते वंशवृक्षाचं झाड. मूळ रुग्ण, त्याच्या खाली त्याचे वारस. साधा रुग्ण. तातडीचा रुग्ण, म्हणजे ज्याला लगेच मशीन हवं. पॉझिटिव्ह रुग्ण, म्हणजे ज्याला हिपॅटायटिस बी, रक्तातून पसरणारी कावीळ आहे. त्याचं मशीन वेगळं, कोपऱ्यातल्या खोलीतलं, त्यावर दुसऱ्या कुणाला लावायचं नाही. प्रत्येक रुग्ण झाडाच्या एका फांदीवर. झाड तू पांढऱ्या फळ्यावर काढलंस आणि त्याचा फोटो काढून ठेवलास. तुझ्या जन्माचेसुद्धा आमच्याकडे इतके फोटो नाहीत.

त्या रात्री जेवताना जोयाने विचारलेला प्रश्न तुला आठवत नसेल, म्हणून आठवण देते. तुमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. गणितात एम.एस्सी. केलेली साताऱ्याची मुलगी, आपल्या घरात अजून दबकत वावरायची. मी पोळ्या वाढत होते. ती म्हणाली, "एखादा रुग्ण पॉझिटिव्ह असेल आणि त्याच दिवशी तातडीचाही असेल, तर तो कोणत्या फांदीवर?" तू म्हणालास, "असं होत नाही." ती म्हणाली, "होत नाही, की तुझ्या झाडात बसत नाही?" अब्बा हसले. तिथेच तुझं बिनसलं, मी पाहिलं. तू ताट बाजूला सारलंस आणि म्हणालास, "तू गणितातून आलीयेस. खरी माणसं कशी असतात ते तुला नाही कळायचं." ती पाण्याचा तांब्या भरून आणायला उठली, आणि तांब्या भरलेलाच होता.

मग यमुनाबाई. त्या पॉझिटिव्ह, कोपऱ्यातल्या खोलीतल्या, सगळ्यांना ठाऊक. दिराच्या मयतीला गावी गेल्या, त्यात त्यांचा एक दिवस चुकला, आणि परत आल्या त्या अंगात पाणी भरून, धापा टाकत. टेबलावरच्या मुलीने घाईने 'तातडीचा' हे बटण दाबलं. तुझ्या प्रोग्रॅमने त्यांना पॉझिटिव्हच्या फांदीवरून उचललं आणि तातडीच्या फांदीवर ठेवलं. डॉक्टरांना जे जन्मात जमलं नसतं ते तुझ्या क्लासने केलं, यमुनाबाईंची कावीळ एका क्षणात बरी केली. त्यांना हॉलमधलं साधं मशीन मिळालं. त्यांच्यानंतर त्याच मशीनवर एक कॉलेजातला मुलगा होता, त्याच्यानंतर आणखी कुणी. मुक्ताई सिस्टर त्या दिवशी रजेवर असत्या तर काय झालं असतं याचा मी अजून पुढे विचार करत नाही. त्यांनी नळ्या जोडायच्या आधी तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यमुनाबाई, तुम्ही इकडे कशा?" कोपऱ्यातलं मशीन मोकळं होईपर्यंत त्या बाई ऑक्सिजन लावून खुर्चीत बसून होत्या. मी त्यांचा हात धरून होते. माझ्या बोटांचे ठसे त्यांच्या सुजलेल्या मनगटावर उमटले आणि बराच वेळ गेले नाहीत.

चूक झाली म्हणून मी तुला कधीच काही बोलले नसते. चुका माझ्याही फाइलमध्ये होत्या. पण ट्रस्टच्या बैठकीत दिगंबरराव अध्यक्षांच्या खुर्चीत बसून सरळ विचारत होते, हे कसं झालं, आणि तू, माझा मुलगा, शांतपणे म्हणालास, "डिझाइन बरोबर होतं सर. प्रोग्रॅमच्या चाचण्या जोयाकडे होत्या. तिच्याकडून ही केस राहिली." जोया तुझ्या शेजारी बसली होती. तिने तुझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मी म्हटलं, "दिगंबरराव, ही केस तिने जेवणाच्या टेबलावर विचारली होती. माझ्या हातात पोळ्यांचा डबा होता. ते झाड माझ्या मुलाचं आहे." बाहेर फाटकापाशी तू मला अडवलंस. "अम्मी, तू माझ्या बाजूची की तिच्या?" मी म्हटलं, "मी यमुनाबाईंच्या बाजूची." तू गाडी काढलीस, ती अशी की वॉचमन बाजूला उडाला.

आणि मग महिनाभरात हिंजवडी. जवळ पडतं, म्हणालास. कुणाच्या जवळ, ते नाही सांगितलंस. जोयाला मात्र सांगितलंस, की मला उठताबसता दुरुस्त करणारी बायको नको. हे मला तिने नाही सांगितलं. तूच सांगितलंस, अभिमानाने, जणू एखादा नियम शोधून काढला आहेस. तलाकचे कागद झाले, दोन्हीकडचे वकील चांगले होते, कुणी आवाज चढवला नाही. तुमच्या लग्नातली ती एकच गोष्ट सुरळीत झाली.

व्हिडिओत तू म्हणालास की केंद्र आजही तुझ्या डिझाइनवर चालतं. अझीम, ते यमुनाबाईंच्या प्रकारानंतर त्याच आठवड्यात उतरवलं. पुन्हा कोणी लिहिलं, ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी मंचावर नाव घेता येईल. जोयाने लिहिलं. तुमचे कागद चालू होते त्याच दिवसांत, कारण दिगंबररावांनी विचारलं आणि तिला नाही म्हणता येत नाही. फंक्शनल पद्धतीने लिहिलं, जिची तू समाधी म्हणून टर उडवलीस. तीही मी काही डोक्यावर घेतलेली नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही मुलगी ओळी लिहिते की शेवया वळते? एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, सगळं एका दमात. पण तिने मला शेजारी बसवून समजावलं. हे एक फंक्शन. याला रुग्णांची यादी द्या, मशीनची यादी द्या, ते वेळापत्रक देईल. आतल्या आत ते काही बदलत नाही, काही लपवत नाही. तेच दिलं तर तेच मिळणार, आज, उद्या, कधीही. पॉझिटिव्ह आणि तातडीचा या फांद्या नाहीत, एकाच माणसाबद्दलच्या दोन गोष्टी आहेत; दोन्ही खऱ्या असू शकतात. एवढंच. तुझं अख्खं झाड या एका वाक्यात आडवं झालं.

तीही तोंडावर आपटलीच. एक जण आला नाही की तिचं फंक्शन अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक नव्याने मांडायचं. हिशेबाने उत्तम, कुणाचं मिनिट वाया नाही. फक्त त्या उत्तमात कुणाला काय शब्द दिला आहे याला जागाच नव्हती. लोणी काळभोरचे धोंडिबा पहाटेची बस धरून सकाळच्या शिफ्टला आले तर त्यांची वेळ गेलेली दुपारवर, आणि मेसेज आलेला त्यांच्या मुलाच्या फोनवर, मुलगा शेतात. ते टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "म्या अंधारात निघालो हाय. आता परत जाऊ का बसू, ते तरी सांगा." मी जोयाला फोन केला. ती रिक्षाने आली. कोड उघडायच्या आधी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, चूक माझी आहे. मी तुमची बस धरली नाही हिशेबात." धोंडिबा म्हणाले, "बस कुठं कुणी धरतं पोरी, बस आपल्याला धरती." दोघं हसले. तिने त्यांना खाली नेऊन पोहे खाऊ घातले, आणि मग वर येऊन दिलेली वेळ ही सुद्धा फंक्शनला द्यायची एक गोष्ट केली, जी हलवायची नाही.

बघितलास फरक? तुझी पद्धत चुकली, तिचीही चुकली, माझी तर रोज चुकायची. पद्धतीत काय आहे? आज केंद्राची वेबसाइट कशी आहे ते ऐक, आणि हवं तर यावर भाषण कर, फुकट देते. बाहेरचा भाग माझा, वरून खाली वाचायचा: फोन आला, तपासलं, नोंदलं, मेसेज गेला. कुणाला कुठलं मशीन द्यायचं हा निर्णय जोयाच्या फंक्शनमध्ये, जिथे बाहेरची धूळ जात नाही. आणि मशीनचा क्लास तुझा, अजून आहे तसा आहे. मी काढायला निघाले होते. जोया म्हणाली, "नको अम्मी, हा चांगला लिहिलाय त्याने." बाळपण, समज आणि समाधी शेजारी शेजारी बसून काम करताहेत आणि कुणी कुणाला हसत नाही. हे तुला तीन पडद्यांत आणि एका काळ्या टी-शर्टमध्ये सापडलं नाही, याचं मला नवल नाही.

'अम्मी' वाचून तू थांबला असशील. हो, अजून तेच म्हणते. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तुला कळवलं होतं. तू 'टेक केअर' आणि एक फूल पाठवलंस, फोनमधलं. जोया तेव्हा सदाशिव पेठेत मुलींच्या एका खोलीत राहायची. ती पिशवी घेऊन आली, डोळ्यात थेंब घालायला म्हणून, चार दिवसांसाठी. चार दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांचं वर्ष. तुझ्या खोलीत राहते. तुझे क्रिकेटचे चषक मी माळ्यावर टाकणार होते, तिने पुसून कपाटावर ठेवले. अब्बांशी ती रोज संध्याकाळी कॅरम खेळते आणि हरत नाही, मुद्दामसुद्धा. शेजारच्या बाईंनी एकदा मला विचारलं, सून नाही राहिली तर ही आता तुमची कोण? मी म्हटलं, तुम्हाला मतदार यादी करायचीय का?

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या शुक्रवारी नमाजनंतर जोयाचा निकाह आहे. माणूस कोंढव्यातला आहे, शाळेत भूगोल शिकवतो, बायको वारली त्याला काही वर्षं झाली. कमी बोलतो, आणि तिने काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ खरंच विचार करतो. मी तेवढंच पाहिलं आणि मला पुरलं. साताऱ्याहून तिची आई येईल. भाऊ येणार नाही, दुसऱ्या लग्नाला काय यायचं म्हणाला. तिने भीत भीत विचारलं, "अम्मी, मी तुमच्या घरातून निघाले तर चालेल?" मी तोंड उघडायच्या आत अब्बा म्हणाले, "मग काय स्वारगेटवरून निघणार?" निकाहात तिची संमती काझींपर्यंत नेणारे तिचे वकील म्हणून तेच उभे राहणार आहेत, नवी शेरवानी शिवायला टाकली आहे, या वयात. हे तुला नात्यातल्या कुणाच्या तरी फोटोतून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. शुक्रवारी येऊ नकोस. तिला मेसेजही करू नकोस, अभिनंदनाचासुद्धा नको. तिला एक दिवस तरी तुझ्या शब्दांचा अर्थ लावत बसावं लागू नये. शनिवारी पाहुणे जातील. रविवारी अब्बा एकटेच कॅरमच्या सोंगट्या मांडतील, आणि मी सवयीने तीन कप चहा टाकीन. माझ्या मनातला तुझ्याबद्दलचा राग तोवर काही जायचा नाही, त्याची वाट पाहू नकोस. पण रविवारी ये. जेवायलाच ये. यायच्या आधी फोन करायची गरज नाही, आम्ही कुठल्याही मीटिंगमध्ये नसू.

काही झालं तरी तुझीच,
अम्मी